तलाठ्याच्या दप्तरातला प्रोग्रॅमर

१९८५ साली राज्यांच्या महसूलमंत्र्यांची दिल्लीत परिषद भरली आणि जमिनीचे अभिलेख संगणकावर आणावेत, खर्च केंद्राने सोसावा, असा सूर तिथे निघाला. तीन वर्षांनी, १९८८-८९ मध्ये, त्यासाठी आठ जिल्हे निवडण्यात आले: आंध्रातला रंगारेड्डी, आसामातला सोनितपूर, बिहारचा सिंगभूम, गुजरातचा गांधीनगर, मध्य प्रदेशचा मुरैना, ओडिशाचा मयूरभंज, राजस्थानचा डुंगरपूर आणि महाराष्ट्रातला वर्धा. सातबारा संगणकावर चढवायचा पहिला सरकारी घाट घातला गेला तो असा. तेव्हा तलाठ्याचे दप्तर म्हणजे खरोखरच कापडात बांधलेले बासन होते.

योजनेचे पुढे जे झाले ते सरकारी अहवालांनीच नोंदवून ठेवले आहे. पैसे वेळेवर खाली पोचत नव्हते, गरजेप्रमाणे सॉफ्टवेअर तयार व्हायला उशीर लागत होता, शिकवायची सोय नव्हती, नोंदी भरायला कंत्राटदार मिळत नव्हते. यातला सॉफ्टवेअरच्या उशिराचा भाग वाचताना पहिला संशय प्रोग्रॅमरवर जातो. पण त्याच्यासमोर नेमके काय ठेवले गेले होते, हे पाहिल्याशिवाय तो संशय न्याय्य ठरत नाही.

हे काम ज्यांच्या गळ्यात पडले त्या संस्थेचे कागदावरचे नाव राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. कचेरीतल्या शिपायापासून सचिवापर्यंत सगळे तिला एनआयसी म्हणतात. १९७६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाची मदत घेऊन ती उभी राहिली. तिला आकार दिला डॉ. एन. शेषगिरी यांनी. हे गृहस्थ आधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांचे निकाल संगणकावर लावून एनआयसीने पहिल्यांदा चारचौघांत आपले काम दाखवले. खरी मोठी उडी मात्र १९८७ च्या सुमारास आली. उपग्रहाच्या मदतीने जिल्ह्या-जिल्ह्याला राजधानीशी जोडणारे निकनेट सुरू झाले आणि कलेक्टर कचेऱ्यांच्या गच्चीवर छोट्या तबकड्या दिसू लागल्या. दिल्लीबरोबर पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर इथे विभागीय केंद्रे होती. तिथे एनईसी कंपनीचे मोठे संगणक बसवले होते.

पुण्याचे केंद्र गणेशखिंडीत. महाराष्ट्राच्या जमिनीच्या नोंदींची पुढची बरीचशी कहाणी इथेच लिहिली गेली.

जिल्ह्याला एनआयसीचा एक अधिकारी असे. त्याला आजही डीआयओ म्हणतात. तो केंद्राचा नोकर, बसायचा राज्याच्या कलेक्टर कचेरीत. त्याचा साहेब दिल्लीला, काम सांगणारा साहेब शेजारच्या दालनात. हुद्दा सायंटिस्ट-बी, म्हणजे कागदोपत्री शास्त्रज्ञ. निवडणुकीची मतमोजणी आली की तोच, संजय गांधी निराधार योजनेची यादी हवी असली की तोच, आणि साहेबांचा प्रिंटर अडला तरी हाक त्यालाच. नव्वदच्या दशकात बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांनी प्रोग्रॅमरांना अमेरिकेची वाट दाखवली, गणेशखिंडीपासून थोड्या अंतरावर हिंजवडीची आयटी नगरी उभी राहिली. तरीही सरकारी पगारात वीस-वीस, तीस-तीस वर्षे जमिनीच्या नोंदींशी झुंजत राहिलेली माणसे एनआयसीत निघाली. त्यांची नावे वर्तमानपत्रात क्वचितच आली. प्रणालीचे उद्घाटन मंत्री करतात आणि सर्व्हर बंद पडला की बातमीत 'एनआयसी' येते, एवढीच ती कीर्ती.

आता त्यांच्यासमोरचा कागद. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाच्या नावे, किती, कोणत्या हक्काने. गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका पानावर छापले की झाला सातबारा. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, आठ-अ म्हणजे खातेदाराची एकूण जमीन. अँडरसन नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने घालून दिलेली ही गावच्या हिशेबाची पद्धत. एक ते एकवीस नमुने, आणि प्रत्येक दुसऱ्याशी कुठे ना कुठे बांधलेला. आजच्या भाषेत बोलायचे तर अँडरसनसाहेबाने संगणक नसतानाच एक डेटाबेस रचून ठेवला होता आणि तो चालवायला गावोगाव माणूस बसवला होता.

मात्र या डेटाबेसमध्ये दीडशे वर्षांचे थर साचले होते. तळाशी विंगेट आणि गोल्डस्मिड यांची मोजणी, जी १८३६ च्या आसपास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी, सोळा आणे तिच्या खुणा. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. त्यावर १९०३ च्या कायद्याने आलेला हक्कनोंदणीचा थर. मग १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा, ज्याने सर्व्हे नंबरांचे गट नंबर केले. मग कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन, ज्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने मालक मानली गेली. त्याच काळात कुलकर्णी वतने गेली आणि सगळीकडे पगारी तलाठी आला. एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आरही झाले. आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. प्रत्येक थराने सातबाऱ्यावर आपली खूण सोडली आणि आधीच्या थराची खूण फारशी कोणी पुसली नाही.

एखादे जुने पान समोर धरले की अडचण कळते. मालकाच्या रकान्यात चार नावे आहेत. पहिल्या नावाभोवती कंस आहे. म्हणजे हा माणूस कमी झालेला, मेलेला किंवा विकून गेलेला. नाव मात्र पानावर कायम. बाजूला एका वर्तुळात आकडा आहे. तो फेरफाराचा क्रमांक, ज्याच्या जोरावर हा बदल झाला. दुसऱ्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' लिहिले आहे: एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचे, जमीन सगळ्या भावांची, आणि भाऊ किती ते पानावर नाही. तिसऱ्यापुढे 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ज्या पोराचे पालन करायचे ते कधीच आजोबा झालेले असू शकते. इतर हक्कांच्या रकान्यात विकास सोसायटीचा बोजा, जुनी तगाई, विहिरीत चार आणे हिस्सा, आणि एका बाजूला तलाठ्याची पेन्सिल.

तलाठ्याला हे सारे वाचता येते, कारण त्याला गाव माहीत असते. प्रोग्रॅमला गाव माहीत नसते. कंस हा नावाचा भाग धरायचा की नावाची अवस्था? वर्तुळातला आकडा कोणत्या नावाला लावायचा, वरच्या की खालच्या? 'ए.कु.मॅ.' हे आडनावापुढचे बिरूद म्हणून साठवायचे की मालकीचा प्रकार म्हणून? पहिला मार्ग सोपा, आणि घाईत नोंदी भरताना तोच सहज धरला जाई. दुसरा मार्ग बरोबर, पण त्यासाठी कोड लिहिणाऱ्याला हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा समजून घ्यावा लागतो. संगणक शास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ते शिकवत नाहीत.

क्षेत्राचे गणित आणखी चिवट. समजा, पाच एकर वीस गुंठ्यांचा गट तीन भावांत वाटला. एकूण दोनशेवीस गुंठे. तलाठ्याने प्रत्येकाला एक एकर तेहतीस गुंठे लिहून दिले. त्र्याहत्तर त्रिक दोनशे एकोणीस. एक गुंठा, म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट जमीन, कागदावरून नाहीशी झाली. पुढे हेक्टर-आर आले तेव्हा गटाचे क्षेत्र २ हेक्टर २३ आर धरले आणि भावांचे प्रत्येकी ७४ आर, बेरीज २.२२. कागदावर कोणी बेरीज करत बसत नव्हते. बांध जागच्या जागी होता आणि भावांना तो ठाऊक होता. प्रोग्रॅमरने मात्र 'हिश्श्यांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी असली पाहिजे' ही अगदी साधी अट घातली, आणि अशा लाखो पानांनी तिथेच अडून बसायचे ठरवले.

भाषेचा प्रश्न वेगळाच. संगणकावर देवनागरी आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. जिस्ट कार्ड हे संगणकात खोचायचे पाते त्याचेच फळ. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरले. तरी बाजारात प्रत्येक कंपनीचा फाँट आपापली चूल मांडून होता. एका फाँटमध्ये भरलेले 'ज्ञानेश्वर' दुसऱ्यात उघडले की भलतेच काही दिसे. पुढे हा जुना साठा युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे पुन्हा तपासणे आले. सातबाऱ्यावर एक मात्रा चुकली तर बँक कर्ज अडवते, म्हणून या कामात 'चालून जाईल' म्हणायची सोय नव्हती.

दरम्यान शेजारी कर्नाटकात गोष्टी भराभर हलल्या. राजीव चावला या आयएएस अधिकाऱ्याने एनआयसीच्या बंगळूर केंद्राला बरोबर घेऊन 'भूमी' प्रकल्प रेटला. २००१-०२ च्या सुमारास १७७ तालुक्यांत सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे दोन कोटींच्या आसपास अभिलेख संगणकावर आले. तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपये भरले की उतारा हातात. पाहणाऱ्याच्या बाजूला दुसरा पडदा ठेवला होता, कारकून काय करतो ते शेतकऱ्याला दिसावे म्हणून. कारकुनाला आत शिरायचे तर बोटाचा ठसा द्यावा लागे. फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, मधल्याला पुढे ओढायची सोयच प्रोग्रॅममध्ये ठेवली नव्हती. भूमीचे कौतुक जगभर झाले. त्या कौतुकात सॉफ्टवेअरचा वाटा होताच, पण मोठा वाटा होता एका सरकारी आदेशाचा: तालुका संगणकावर गेला की हाताने लिहिलेला उतारा बेकायदा. दोन दप्तरे शेजारी-शेजारी चालू ठेवली की संगणक हरतो, हे चावलांनी ओळखले होते.

महाराष्ट्रात दोन दप्तरे बराच काळ चालली. संगणकावर एक सातबारा, तलाठ्याकडे दुसरा. फेरफार हाताने धरायचा आणि जमेल तेव्हा संगणकात चढवायचा. साहजिकच दोन्हींत अंतर पडत गेले. दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत २००१-०२ पासून 'सरिता' आली आणि दस्तनोंदणी संगणकावर गेली. पुढे तिची जागा 'आय-सरिता'ने घेतली. पण खरेदीखत एका खात्याच्या संगणकात आणि सातबारा दुसऱ्या खात्याच्या. मधला प्रवास पक्षकाराच्या पायांनीच व्हायचा.

'ई-फेरफार' आला तो ही दरी सांधायला. खरेदीखत नोंदले गेले की माहिती तहसीलच्या फेरफार कक्षात जाते, तिथून तलाठ्याकडे. तलाठी फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नमुना नऊची नोटीस निघते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारा बदलतो. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात संहितेचे कलम १४९ आणि १५० ओळ न् ओळ प्रोग्रॅममध्ये उतरवणे होते. कागदावर मंडल अधिकारी तेराव्या दिवशी सही करू शकत असे, मागची तारीखही टाकू शकत असे. पडद्यावर ते जमेना. महसूल खात्यात या प्रणालीबद्दल जी कुरकुर झाली, तिच्यातला काही भाग या 'जमेना'तून आला होता हे उघड आहे.

सगळी कुरकुर मात्र तशी नव्हती. सर्व्हर दिवसा इतका मंदावे की तलाठी रात्री जागून नोंदी करत. अनेकांना लॅपटॉपची सोय स्वतः करावी लागली. संघटनांनी आंदोलने केली, डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल तहसील कचेरीत जमा करून टाकले. पुण्यात कोड लिहिणाऱ्याला शंभर वापरकर्त्यांची चाचणी समाधानकारक वाटते; महाराष्ट्रात मंगळवारी सकाळी अकराला हजारो तलाठी एकदम आत शिरतात. सरकारी संगणकाचे हे दुखणे जगभर सारखेच आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०१३ मध्ये आरोग्य विम्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ खुले झाले तेव्हा पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी होऊ शकली. मग गूगलसारख्या कंपन्यांतून माणसे धावून गेली, संकेतस्थळ सावरले, आणि त्यातल्या मायकी डिकर्सन यांच्या हाताखाली २०१४ मध्ये युनायटेड स्टेट्स डिजिटल सर्व्हिस उभी राहिली. खासगी नोकरी सोडून दोन-चार वर्षे सरकारसाठी कोड लिहिणे तिकडे मानाचे ठरले, त्यावर पुस्तके निघाली. आपल्याकडे ती सेवा १९७६ पासून आहे आणि तिच्यात माणसे निवृत्त होईपर्यंत राहतात. दोन्हीतले बरे कोणते, हा वादाचा मुद्दा आहे. एवढे खरे की बाहेरून आलेला हुशार तरुण दोन वर्षांत संकेतस्थळ वेगवान करू शकतो, 'ए.कु.मॅ.' समजायला त्याला ती दोन वर्षे पुरणार नाहीत.

२०१७ च्या उन्हाळ्यात महसूल खात्याने एक जुनीच युक्ती बाहेर काढली: चावडी वाचन. संगणकातून काढलेले सातबारे गावासमोर मोठ्याने वाचायचे, ज्याला चूक दिसेल त्याने तिथल्या तिथे सांगायची. विसंगतीच्या याद्या प्रोग्रॅमनेच काढून दिल्या होत्या: कुठे बेरीज जुळत नाही, कुठे सातबारा आणि आठ-अ यांचा मेळ नाही, कुठे एकाच माणसाची दोन खाती. पण यादी फक्त 'चुकले आहे' एवढे सांगते, 'बरोबर काय' ते पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाच माहीत. दुरुस्तीही आपल्या मनाने करायची नाही. कलम १५५ खाली आदेश हवा. साधी लेखनचूक सुधारायलाही कायद्याचा हात लागतो, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कोणीही एका कळीवर कोणाचीही दोन एकर जमीन फिरवली असती.

१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना खुला झाला. राज्यातल्या सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात. ते टप्प्याटप्प्याने स्वाक्षरीत होत गेले. शुल्क पंधरा रुपये. कर्नाटकाने 'भूमी'त जेवढे ठेवले होते तेवढेच. तलाठी सज्जात आहे की तालुक्याला मीटिंगला गेला आहे, याची चौकशी करत फिरणे त्या दिवसापासून कमी झाले. खेड्यातल्या माणसाच्या आयुष्यात यामुळे किती बदल झाला, हे ज्याने उताऱ्यासाठी तीन-तीन खेपा मारल्या आहेत त्यालाच विचारावे.

२०२० मध्ये सातबाऱ्याचे रूप बदलले. त्यातले बदल पाहिले की कोड लिहिणाऱ्यांनी आणि महसूलवाल्यांनी एकमेकांकडून काय घेतले ते दिसते. खाते क्रमांक नावाच्या आधी आला. गावाचा सांकेतिक क्रमांक छापला जाऊ लागला. प्रलंबित फेरफार असेल तर तसे पानावरच दिसू लागले, म्हणजे विकत घेणारा आंधळेपणाने पैसे मोजणार नाही. बिनशेती जमिनीच्या उताऱ्यावर नमुना बाराची गरज नाही असे स्पष्ट लिहिले गेले. नाहीतर सोसायटीच्या इमारतीखालच्या जमिनीलाही पिकांचा रकाना होता. आणि कमी झालेल्या नावांवर आता आडवी रेघ येते. कंसाची पिढ्यान्‌पिढ्यांची गफलत अशी मिटली.

नमुना बारा मात्र खुद्द शेतकऱ्याच्या हाती गेला. पूर्वी तलाठी पीक पाहणीला शिवारात जाणार, निदान तसे अपेक्षित असे. प्रत्यक्षात गेल्या वर्षीचे पीक यंदाही लिहिले जाई आणि ऊस तोडून झाल्यावरही पानावर उसाचे उभे पीक असे. टाटा ट्रस्ट्सच्या साथीने तयार झालेले ई-पीक पाहणीचे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. शेतकऱ्याने बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. पीकविमा, हमीभावाची खरेदी, नुकसानभरपाई यांची गाठ या नोंदीशी पडत गेली, तशी ॲप चालत नसल्याची तक्रारही वाढली. डोंगरात रेंज नाही, नातू शहरात, फोन जुना. हे प्रश्न गणेशखिंडीत बसून सुटणारे नाहीत, आणि ते सुटले असे कोणी म्हणू नये.

आणखी एक मर्यादा आहे, तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. सातबारा कितीही चकचकीत झाला, क्यूआर कोड लावून आला, तरी कायद्याने तो मालकीचा शेवटचा पुरावा नाही. तो मुळात महसुलाचा कागद. त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. प्रोग्रॅमरांनी जवळपास चाळीस वर्षे खपून नोंद स्वच्छ केली, पण मालकीची हमी देणारा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम.

तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले. पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली. तिची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात झाली होती. मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हा तिचा उद्देश. संगणक मृत खातेदार आपणहून ओळखत नाही; मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील घेऊन कोणीतरी यावे लागते. त्यासाठी ई-हक्क नावाची सोय आहे, अर्ज घरबसल्या करता येतो. पुढे तीच नोटीस, तेच पंधरा दिवस, तोच मंडल अधिकारी. धाकट्या भावाने हरकत घेतली की नोंद विवादग्रस्त ठरते आणि सुनावणी लागते. त्या सुनावण्यांच्या तारखा आणि निकाल ठेवायला ई-क्यूजे कोर्ट ही वेगळी प्रणाली आहे.